टॉवर काय म्हणाला, पायलटनं काय ऐकलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानांना जमिनीवरून रेडिओवर सूचना द्यायची माझी नोकरी, तिची सगळी वर्षं कानाला हेडसेट लावून गेली. निवृत्तीनंतर छत्रपती संभाजीनगरला राहतो (तोंडात अजून औरंगाबादच येतं), आणि लातूर, परभणी, बीड, नांदेडच्या कॉलेजांतून बोलावणं आलं की जातो. भाषणाला मुलं पेंगतात. खरी गर्दी होते ती नंतर, चहाच्या वेळी. घरी पोचेपर्यंत फोनवरही प्रश्न येऊन पडलेले असतात. त्यातले परत परत येणारे इथं एकत्र केलेत आणि शक्यतो विचारणाऱ्याच्याच भाषेत ठेवलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथं प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. विमानात पायलट टॉवरशी काय बोलायलाय ते आपल्याला का ऐकू येत नाही? आणि बोलतात तरी कशावर?

साध्या रेडिओवर. तुमचं एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये लागतं. विमानांचं बोलणं त्याच्या जरा वर, ११८ ते १३७ या पट्ट्यात चालतं. प्रवाशांना ऐकू येतं ते केबिनमधलं भोंग्यावरचं बोलणं, त्याचा या रेडिओशी संबंध नाही.

हा रेडिओ फोनसारखा नसतो. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एका वेळी एकानंच बोलायचं. आणि त्या फ्रिक्वेन्सीवर जेवढी विमानं आहेत, तेवढी सगळी एकमेकांचं बोलणं ऐकत असतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं सारखी लागणार आहे.

अजून एक. लोक सरसकट ‘टॉवर’ म्हणतात, पण चिकलठाण्याच्या, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळाच्या टॉवरकडे धावपट्टी आणि आजूबाजूचं आकाश असतं. विमान वर चढून मुंबईच्या वाटेला लागलं की ते मुंबईच्या कंट्रोलकडे सोपवलं जातं, फ्रिक्वेन्सी बदलते, माणूस बदलतो. म्हणून खाली मी ‘कंट्रोलर’ असंच म्हणणार आहे.

२. एवढे शिकलेले, ट्रेनिंग घेतलेले लोक. तरी चुकीचं ऐकतात कसं?

तुम्ही जालन्याच्या बसस्थानकावर परळीच्या गाडीची वाट बघत बसलायत. भोंगा खरखरतो, ‘पर...’ एवढं ऐकू येतं, आणि तुम्ही पिशवी उचलून निघता. गाडी परतूरची असते. नाहीतर परभणीची. तुमचे कान चांगले आहेत आणि भोंगाही फार वाईट नाही. तुम्ही परळी ऐकायला बसला होतात, म्हणून परळी ऐकू आलं.

रेडिओवरची बहुतेक गफलत अशीच होते. ऐकू आलंच नाही तर माणूस ‘परत सांगा’ म्हणतो, त्यात फारसा धोका नाही. धोका आहे तो ऐकू आलंय असं वाटण्यात. पायलट रोज त्याच मार्गानं येतो, रोज त्याला त्याच उंचीवर उतरवतात. एखाद्या दिवशी कंट्रोलर वेगळा आकडा सांगतो आणि पायलटच्या कानावर कालचाच पडतो. शंकाच येत नाही, त्यामुळे विचारणार कोण?

घाई, खरखर, अनोळखी उच्चार, थकवा हे सगळं त्यात भर घालतं. पण मूळ दुखणं अपेक्षेचं. पुढचे बरेच नियम त्या एका दुखण्यावरचा उतारा म्हणून आलेत.

३. रीडबॅक रीडबॅक म्हणतात ते काय असतं?

कंट्रोलरनं सांगितलेलं पायलटनं परत म्हणून दाखवायचं. कंट्रोलरनं ते ऐकून बरोबर आहे का ताडून बघायचं, आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त करायचं. धावपट्टीवर येणं, ती ओलांडणं, तिच्या अलीकडे थांबणं, उड्डाण आणि उतरण्याची परवानगी, उंची, दिशा, वेग, हवेच्या दाबाचा आकडा, ट्रान्सपॉन्डरचा (विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्राचा) कोड, ठरवून दिलेला मार्ग, एवढं तरी परत म्हणून दाखवावंच लागतं. ‘ठीक आहे सर’ चालत नाही.

लोकांना वाटतं, मग चुकीला जागाच कुठं राहिली? राहते. परत म्हणून दाखवणं हे अर्धं काम, ते ऐकणं हे दुसरं अर्धं, आणि हे दुसरं जास्त निसरडं. माझंच सांगतो. पावसाळ्यातली रात्र होती, विमानतळाचं नाव राहू द्या. ढग चुकवायला तीन-चार विमानं वाट वाकडी करून मागत होती. एकाला मी आठ हजार फुटांवर यायला सांगितलं, समोरच्या कागदी पट्टीवर आठ लिहिलं, पायलटनं परत म्हणून दाखवलं, मी ‘हं’ करून दुसऱ्या विमानाकडे वळलो. शेजारी चहाचा कप घेऊन उभा असलेला सहकारी म्हणाला, “सर, त्यानं सात म्हटलं.” मला शपथेवर आठ ऐकू आलं होतं. लगेच त्याला आठवर थांबवलं. सातवर तेव्हा कुणी नव्हतं, हे नशीब. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावलं. स्वच्छ, ठणठणीत ‘सेव्हन’. माझ्या हातानं आठ लिहिलं होतं, म्हणून कानानंही आठच ऐकलं.

४. ‘रॉजर’ म्हणजे ‘हो’ ना?

नाही. ‘रॉजर’ म्हणजे तुमचं शेवटचं बोलणं मला पूर्ण मिळालं. मी तसं करीन, मला ते पटलं, मला परवानगी मिळाली, यातलं काहीही त्यात नाही. आपल्याकडे आई ‘बरं’ म्हणते तेव्हा ते होकार आहे, वैताग आहे की नुसतं ऐकलंय, हे घरातल्यालाच कळतं. रेडिओवर घरातलं कुणी नसतं.

म्हणून शब्द वाटून दिलेत. ‘विल्को’ म्हणजे समजलं, तसंच करतो. ‘अफर्म’ म्हणजे हो. ‘निगेटिव्ह’ म्हणजे नाही. ‘अनेबल’ म्हणजे जमणार नाही. ‘स्टँड बाय’ म्हणजे थांबा, मी बोलावतो. तो होकारही नाही आणि नकारही नाही. ‘अफर्मेटिव्ह’ असा पूर्ण शब्द मुद्दाम टाळतात, कारण खरखरीत पुढचा भाग गळला तर त्याचं शेपूट आणि ‘निगेटिव्ह’चं शेपूट सारखंच ऐकू येतं. सिनेमात मात्र पायलट दर वाक्याला ‘रॉजर’ म्हणतो, तिथं चालतं.

५. आकडे एकेक सुटे का म्हणतात? ‘सत्तावीस’ऐवजी ‘टू सेव्हन’ का?

याचं उत्तर मराठी माणसाला सगळ्यात लवकर पटायला हवं. आपण त्रेचाळीस म्हणतो तेव्हा तीन आधी येतो आणि चार मागून, पण लिहिताना चार आधी. पहिलीतली पोरं त्रेचाळीसचे चौतीस करतात ते उगाच नाही. मोंढ्यात फोनवर भाव घेताना एकोणसत्तर की एकोणऐंशी, हे दोनदा विचारून घेतात. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विमानवाले तर त्याच्याही पुढं गेलेत, थेट ‘सिक्स थ्री’.

चिकलठाण्याची धावपट्टी एकच आहे, पण दोन टोकांना दोन नावं : शून्य नऊ आणि दोन सात. पूर्वेकडे तोंड करून निघालात तर नऊ, म्हणजे होकायंत्रावर साधारण ९० अंश. पश्चिमेकडे असेल तर सत्तावीस, म्हणजे २७०. ती ‘रनवे टू सेव्हन’ अशीच म्हणायची.

उच्चारही वाकवलेत. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नायनर’. पाच आणि नऊ, ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’, खरखरीत एकसारखे वाटतात, म्हणून नऊला शेपूट लावलं.

एक अपवाद आहे. पूर्ण शेकडे आणि हजार असलेली उंची सुट्या आकड्यांत म्हणत नाहीत. २,४०० फूट म्हणजे ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’. हा नियम किती मोलाचा आहे ते क्वालालंपूरला दिसलं. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी तिथं उतरणाऱ्या फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू बोइंग ७४७ ला कंट्रोलरनं सांगितलं, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. म्हणायचं होतं दोन हजार चारशे. विमानात ते चारशेपर्यंत उतरा असं समजलं गेलं. ‘टू’ हा आकडा न राहता ‘पर्यंत’ झाला. परत म्हणून दाखवताना पायलट ‘फोर झीरो झीरो’ म्हणाला आणि तेही निसटलं (प्रश्न ३). विमान डोंगरावर आदळलं, आतले चौघंही गेले.

६. दोघंही मराठी असले तर मराठीत बोलत नाहीत का?

ओळखीचा आवाज असला तर फ्रिक्वेन्सी बदलताना एखादा ‘नमस्कार’ होतो, तेवढंच. काम इंग्रजीत.

कारण इंग्रजीचं प्रेम हे नाही. पहिल्या प्रश्नात म्हटलं तसं, सगळे सगळ्यांचं ऐकत असतात, आणि त्या ऐकण्यातून पायलटला आजूबाजूला कोण कुठल्या उंचीवर आहे याचं चित्र मिळतं. चूक झाली तर कधीकधी तिसराच पायलट ती पकडतो. मी आणि तुम्ही मराठीत बोलायला लागलो की तिसऱ्यापुरतं ते चित्र पुसलं जातं.

१० सप्टेंबर १९७६ रोजी तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबवर हेच झालं. ब्रिटिश एअरवेजचं ट्रायडंट आणि युगोस्लाव्हियाचं डीसी-९ समोरासमोर येत होती. डोईवर काम झालेल्या कंट्रोलरला धोका उशिरा लक्षात आला आणि शेवटच्या क्षणी त्यानं आपल्या देशाच्या विमानाला आपल्या भाषेत सूचना दिली. ब्रिटिश पायलटांना त्यातलं काही कळलंच नाही. दोन्ही विमानांतले मिळून १७६ लोक मेले. घाबरल्यावर माणूस मातृभाषेत जातो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तरी नियम सांगायचा तर, जमिनीवरच्या केंद्राची स्थानिक भाषा वापरायला आंतरराष्ट्रीय मुभा आहे, आणि फ्रान्ससारख्या देशात ती वापरतातही. परदेशी पायलटला इंग्रजी मिळालीच पाहिजे, एवढी अट.

७. पोरगी मराठी माध्यमाची, इंग्रजी फाडफाड नाही. कंट्रोलर होता येईल का?

येईल. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या या भरतीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. इंग्रजीची कसोटी असते, पण ती ऐट बघत नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टी एक ते सहाची. काम करायला किमान चार लागते, आणि ही अट २००८ पासून जगभर लागू आहे. चारवाल्याची दर तीन वर्षांनी परीक्षा, पाचवाल्याची सहा वर्षांनी, सहावाल्याची पुन्हा नाही.

माझं मत विचाराल तर, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांचीच मला जास्त धास्ती वाटायची. ते ठरलेले शब्द सोडून स्वतःची वाक्यं रचतात. औशाची, गेवराईची मुलं ठरलेलं वाक्य ठरल्यासारखंच म्हणतात, सावकाश, एकेक शब्द सुटा. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये काही शोधावं लागत नाही. मात्र संकटात ठरलेली वाक्यं पुरत नाहीत, तेव्हा साधं पण सरळ इंग्रजी यायलाच हवं. त्यावर मेहनत घ्या, उच्चार लंडनचा नसला तरी चालेल.

८. सगळ्यात मोठा अपघात एका वाक्यानं झाला म्हणतात, ते खरं का?

एका वाक्यानं नाही, पण त्या वाक्याशिवाय झाला नसता. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा लॉस रोदेओस विमानतळ. शेजारच्या बेटावर बॉम्ब फुटल्यानं तिकडची विमानं इकडं वळवलेली. जागा अपुरी, त्यात धुकं उतरलेलं. एकाच धावपट्टीवर केएलएम या डच कंपनीचं बोइंग ७४७ उड्डाणासाठी उभं आणि पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचं ७४७ त्याच पट्टीवरून पुढं येत असलेलं. धुक्यामुळं कुणालाच कुणी दिसत नव्हतं.

कंट्रोलरनं केएलएमला हवेत गेल्यावरचा मार्ग सांगितला. ती उड्डाणाची परवानगी नव्हती, पण त्या बोलण्यात ‘टेकऑफ’ हा शब्द आला होता. सहवैमानिकानं मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी जोडलं, ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’. म्हणजे काय? उड्डाणाच्या जागी उभे आहोत, की निघालो? आपण पाहुण्यांच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणतो आणि जातो. ‘परवा’ म्हटलं की झालेला की यायचा, हे पुढच्या क्रियापदावरून कळतं. तसलंच हे वाक्य.

कंट्रोलरला वाटलं, उभे आहेत. तो ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला, आणि पुढं म्हणाला, ‘स्टँड बाय फॉर टेकऑफ, मी बोलावतो’. त्याच क्षणी पॅन अ‍ॅमवाले ओरडले की आम्ही अजून धावपट्टीवर आहोत. दोघं एकाच वेळी बोलले. केएलएमच्या कानावर आला तो ‘ओके’ आणि त्यामागून शिट्टीसारखा कर्कश आवाज. विमान तोवर धावायला लागलं होतं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलंही, ते अजून बाजूला झाले नाहीत का? कॅप्टन कंपनीतला बडा माणूस. तो ठासून म्हणाला, झाले. ५८३ लोक मेले.

तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा असा दंडक आला. एरवी सगळीकडे ‘डिपार्चर’. आणि नुसत्या ‘ओके’वर विमान हलवायचं नाही.

९. चरखी दादरीला चूक कुणाची होती?

१२ नोव्हेंबर १९९६, दिल्लीच्या पश्चिमेला हरियाणात. दिल्लीहून निघालेलं सौदीचं बोइंग ७४७ चौदा हजार फुटांपर्यंत चढत होतं. दिल्लीला येणारं कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन पंधरा हजारांवर थांबायला सांगितलेलं. समोरून विमान येतंय, मधलं अंतर किती, हेही कंट्रोलरनं त्याला कळवलं होतं. तरी ते पंधराच्या खाली सरकत गेलं. ३४९ लोक गेले; हवेत दोन विमानांची टक्कर होऊन एवढे लोक कधीच मेले नव्हते.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनं दोष कझाक विमानाकडे दिला. विमान परवानगीशिवाय पंधराच्या खाली आलं, आणि त्यामागं इंग्रजी कच्चं असल्यानं सूचनेचा चुकलेला अर्थ, कॉकपिटमधला विसंवाद ही कारणं दाखवली. त्या विमानात कंट्रोलरशी बोलायचं काम वेगळ्या रेडिओ ऑपरेटरचं होतं आणि विमान चालवणारे दुसरे. त्यांच्याकडे उंची मीटरमध्ये मोजायची सवय, इथं फुटांत. म्हणजे एकच निरोप दोन हातांतून आणि दोन मापांतून जायचा.

पण मला नेहमी वाटतं, दोष एकाचा ठरला तरी जागा अडचणीची होती. तेव्हा दिल्लीला येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच वाट होती, आणि उंची दाखवणारं रडार नव्हतं. म्हणजे सांगितलेल्या उंचीवर विमान आहे की नाही, हे कंट्रोलरला पायलटच्या तोंडूनच कळायचं. नंतर वाटा वेगळ्या झाल्या आणि भारतात टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं (प्रश्न १३).

१०. १९९३ चा औरंगाबादचा अपघात टॉवरच्या चुकीनं झाला असं आमच्याकडे म्हणतात.

हा प्रश्न मराठवाड्यात प्रत्येक ठिकाणी येतो. विचारणारा बहुधा पन्नाशीच्या पुढचा असतो, त्याच्या ओळखीचं कुणीतरी त्यात असतं.

२६ एप्रिल १९९३, इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईला निघालेलं, आत ११८ माणसं. धावपट्टी संपल्यावर पलीकडे बीडचा रस्ता. त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चाललेला. विमान त्याला घासलं, पुढं जाऊन पडलं, ५५ जण मेले.

चौकशीत दोन कारणं निघाली. पायलटांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं. आणि विमानाच्या वेळेला बीड रस्त्यावरची वाहतूक अडवण्यात विमानतळाचा कारभार पाहणारी यंत्रणा कमी पडली. म्हणजे रेडिओवर कुणी काही चुकीचं ऐकलं, असं यात नाही. हा अपघात या पानाच्या विषयात बसत नाही, पण प्रश्न इतका येतो की वगळता येईना.

११. अडचण असेल तर पायलट सरळ का सांगत नाही?

भीड. आपल्याकडे म्हणतातच, भीड ही भिकेची बहीण.

२५ जानेवारी १९९०, न्यूयॉर्क. कोलंबियाहून आलेलं अ‍ॅव्हिएन्काचं फ्लाइट ५२ खराब हवेमुळं सव्वा तासाहून जास्त घिरट्या घालत ठेवलेलं. इंधन संपत आलं. सहवैमानिक कंट्रोलरला म्हणाला, आम्हाला ‘प्रायॉरिटी’ हवी. पुढं म्हणाला, इंधन संपत चाललंय. त्याला वाटलं, यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं? कंट्रोलरला वाटलं, आज सगळ्यांनाच घाई आहे. ‘इमर्जन्सी’ हा शब्द शेवटपर्यंत निघाला नाही. विमान कोरडं होऊन पडलं, १५८ पैकी ७३ जण गेले.

आता यासाठी पायऱ्या ठरल्यात. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आणखी उशीर परवडणार नाही, पण अजून संकट नाही. ‘मेडे फ्युएल’ म्हणजे संकट; सगळ्यांनी वाट सोडायची. ‘मेडे’ तीनदा म्हणायचा. त्याहून कमी पण तातडीची अडचण असेल तर ‘पॅन पॅन’. तालुक्याच्या दवाखान्यात ‘साहेब, जरा बघता का’ म्हणत तासभर ताटकळलेला माणूस मी पाहिलाय. त्याला नक्की किती दुखतंय, हे त्या वाक्यावरून कुणालाच कळत नाही.

१२. सारख्या नंबरची दोन विमानं एकाच वेळी असली तर?

ही रोजची डोकेदुखी. समजा एक तीन दोन चार आणि दुसरं तीन चार दोन. सूचना एकाला आणि उत्तर दुसऱ्याकडून, हे केव्हाही होऊ शकतं. दोघांनीही एकदम उत्तर दिलं तर आणखी वाईट, कारण मग वर सांगितलेली शिट्टी ऐकू येते (प्रश्न ८).

म्हणून कंपन्या रेडिओवरच्या नावात अक्षरं मिसळतात. तुमच्या तिकिटावरचा नंबर आणि पायलट म्हणतो तो नंबर वेगळा असू शकतो. कंट्रोलर दोघांनाही सावध करतो, गरज पडली तर एकाचं नाव तेवढ्या वेळापुरतं बदलतो. गल्लीत दोन संतोष असले की एकाला आपोआप ‘टेलरचा संतोष’ म्हणायला लागतात, तसंच.

१३. टॉवर एक सांगतो, विमानातलं यंत्र दुसरंच. ऐकायचं कुणाचं?

टक्कर टाळणाऱ्या यंत्राचं, म्हणजे टीकॅसचं. ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ असा त्याचा आदेश आला की तोच पाळायचा, आणि कंट्रोलरला ‘टीकॅस आरए’ एवढं कळवायचं. हे ऐकल्यावर कंट्रोलरनं त्या विमानाला उंचीची सूचना देणं थांबवायचं.

हा नियम आज सरळ वाटतो, पण १ जुलै २००२ च्या रात्री इतका पक्का नव्हता. जर्मनीत युबरलिंगेनवर रशियाचं प्रवासी विमान आणि डीएचएलचं मालवाहू एकाच उंचीवर आली. यंत्र रशियन विमानाला म्हणालं वर जा, कंट्रोलर म्हणाला खाली ये. रशियन पायलटनं माणसाचं ऐकलं. डीएचएलनं यंत्राचं ऐकलं आणि तेही खालीच गेलं. ७१ बळी, त्यात बरीच शाळकरी मुलं. तिथलं आकाश सांभाळणाऱ्या झुरिचच्या केंद्रात त्या वेळी एकटाच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता.

१४. बोलायचं बटणच अडकलं तर? किंवा रेडिओच बंद पडला?

बटण अडकणं वरवर किरकोळ वाटतं, पण आम्हाला त्याचा फार वैताग. एका कॉकपिटमधलं बटण दाबलेलं राहिलं की सगळी फ्रिक्वेन्सी बंद. कुणीच बोलू शकत नाही, आणि ज्याचं अडकलंय त्याला पत्ताही नसतो. तो निवांत जेवणाबद्दल बोलत असतो आणि आसपासची सगळी विमानं ऐकत असतात. मग दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जावं लागतं. १२१.५ ही संकटकाळची फ्रिक्वेन्सीही अशा वेळेसाठी ऐकत ठेवलेली असते.

रेडिओ पूर्ण गेला तर पायलट ट्रान्सपॉन्डरवर ७६०० लावतो, ते रडारवर दिसतं. जवळ आला की टॉवरमधून दिव्याची खूण. स्थिर हिरवा : उतर. स्थिर लाल : दुसऱ्याला वाट दे, घिरट्या घाल. लुकलुकता लाल : विमानतळ धोक्याचा, उतरू नको. पायलट दिवसा पंख हलवून, रात्री दिवे लावून-विझवून पोच देतो. हा दिवा टॉवरमध्ये अजून असतो आणि तो नीट चालतो का ते बघावंही लागतं.

१५. मग हे सगळं मेसेज करून का सांगत नाहीत?

सांगतात. मोठ्या उंचीवर आणि समुद्रावर कंट्रोलर मजकूर पाठवतो, पायलट पडद्यावर वाचून बटणानं उत्तर देतो. त्यात सात-आठचा घोळ होत नाही. पण त्याला वेळ लागतो. उतरताना, दोन विमानं जवळ येत असताना आवाजच लागतो. शिवाय मजकूर दुसऱ्या विमानांना दिसत नाही, म्हणजे सहाव्या उत्तरातलं ते चित्र पुन्हा पुसलं.

१६. कृत्रिम पावसाच्या विमानांचं काय? ती तर मुद्दाम ढगात जातात.

२०१५ आणि २०१९ साली ती संभाजीनगरहून उडाली. बाकी सगळे पायलट ढग चुकवायला वाट मागतात, हा एकटा ढगाकडे जायची परवानगी मागतो. त्याला रोजचा ठरलेला मार्गही नाही. ढग हलला की तो हलणार. म्हणजे अपेक्षेवर चालायची सोयच नाही, प्रत्येक सूचना नव्यानं ऐकावी लागते. दुसरा प्रश्न वाचला असेल तर लक्षात येईल, हे अवघड आहे, पण गफलतीच्या दृष्टीनं तितकंसं वाईट नाही.

१७. शेतातून रात्री दोन विमानं अगदी एकमेकांवर गेल्यासारखी दिसतात. चुकलेलं असतं का?

बहुतेक वेळा नाही. त्या उंचीवर दोघांत किमान १,००० फुटांचं, म्हणजे सुमारे ३०० मीटरचं उभं अंतर असतं. खालून दिवे चिकटल्यासारखे दिसतात.

१८. चूक झाली की कंट्रोलरची नोकरी जाते का?

चौकशी होते, कामावरून तात्पुरतं काढून पुन्हा ट्रेनिंग देतात. सगळं बोलणं रेकॉर्ड होतं आणि किमान ३० दिवस ठेवलं जातं, त्यामुळे ‘मी असं म्हणालोच नाही’ हा वाद फार टिकत नाही. पण शिक्षेच्या भीतीनं लोक किरकोळ चुका लपवतात आणि त्या लपलेल्या चुकांतूनच पुढं मोठी होते. म्हणून अमेरिकेत नासानं १९७६ पासून, स्वतःहून चूक कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणारी सोय चालवली आहे. माझी सात-आठची गोष्ट मी सहा महिने कुणाला सांगितली नव्हती. सांगितली तेव्हा कळलं, त्या खोलीतल्या प्रत्येकाकडे तशी एक होती.

१९. बरोबर सांगितलं, बरोबर परत म्हणून दाखवलं, तरीही अपघात? असं होऊ शकतं का?

२ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा. तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाला कंट्रोलरनं सांगितलं, ‘नंबर वन’, म्हणजे निघणाऱ्यांच्या रांगेत पहिला. आणि धावपट्टीच्या अलीकडच्या थांब्यापर्यंत ये. पायलटांनी ते बरोबर परत म्हणून दाखवलं. शब्द एकही चुकला नाही. पण ‘नंबर वन’मुळं कॅप्टनची समजूत झाली की आपल्यालाच आधी सोडलंय, आणि विमान धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं. मागून उतरणारं जपान एअरलाइन्सचं एअरबस ए३५० त्यावर आदळलं. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जण मेले. पेटलेल्या एअरबसमधून ३७९ जण जिवंत बाहेर आले, सगळेच्या सगळे.

अपघातानंतर जपानमध्ये निघणाऱ्या विमानाला रांगेतला क्रमांक सांगणं काही महिने थांबवण्यात आलं. तेवढे दिवस ‘थांब्यापर्यंत ये’ एवढंच.